साहेब, बकेटमध्ये आला

आमच्या पाडलेल्या वाड्याच्या जागेवर पाया खणताना एक लोखंडी गोळा निघाला. तो शिवकालीन तोफगोळा आहे, असं रील बघितलेल्या काही लाख लोकांना वाटतं. तो गोळाफेकीचा गोळा असू शकतो, असं फक्त दोन जणांना वाटतं. एक मी. दुसरी माझी आत्या, कारण तिच्या मते तो तिचा आहे.

सुरुवातीला मलाही ही गंमतच वाटली होती. आता वाटत नाही. ज्या पद्धतीने त्या गोळ्याची 'ओळख पटवली' गेली, त्याच पद्धतीने आपण जमिनीतून निघणाऱ्या प्रत्येक गंजक्या वस्तूची वाट लावतोय, आणि वर त्याला इतिहासाचं प्रेम म्हणतोय. मला भांडायचंय ते या प्रेमाशी.

आधी घडलं ते सांगतो. 'आमचा वाडा' ही बोलायची सवय. आम्ही तिथले भाडेकरू, तीन पिढ्यांचे. शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला, पुढे चौक आणि मागे परसदार. वाडा पडला, भाडेकरूंना फ्लॅट मिळणार असं ठरलं, आणि एके दिवशी पोकलेन आला. मी रोज सकाळी स्टँड-अप कॉलच्या आधी जाऊन उभा राहायचो. लहानपण उकरताना बघायला कोणाला आवडतं माहीत नाही, पण पाय वळायचे खरे. दोन-तीन दिवसांत बरंच लोखंड वर आलं. वीतभर लांबीचे चौकोनी खिळे, दाराची कडी, कोयंडा, लांब पट्टीची बिजागरी, बैलगाडीच्या चाकाची अर्धी धाव, गर्डरचा एक तुकडा, आणि हा गोळा.

गोळा सोडून बाकी सगळं त्याच आठवड्यात भंगारवाल्याच्या टेम्पोत गेलं. गोळा राहिला, कारण तो गोल होता. गोल असलं की इतिहास, वाकडं असलं की भंगार.

साइटवरच्या सुपरवायझरने तो टॉयलेट साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये रात्रभर बुडवला, तारेच्या ब्रशने घासला आणि वर काळा ऑइलपेंट मारला. मग स्लो मोशनमध्ये रील, मागे ढोल, खाली मजकूर: खोदकामात सापडला शिवकालीन तोफगोळा. मी खाली साधा प्रश्न टाकला. वजन किती, व्यास किती, किती खोलीवर सापडला? उत्तरं आली. 'पुरावे मागणाऱ्यांनी पुणे सोडावं.' 'इंजिनिअर आहेस, इंजिनिअरच राहा.' एकाने तर माझं आडनाव बघून माझी वंशावळच काढली. तिघांनी लिहिलं, 'कार्बन डेटिंग करा.' त्यावर येतोच.

इंजिनिअर राहा म्हणाले, म्हणून इंजिनिअरसारखा वागलो. साइट ऑफिसात गेलो. सुपरवायझर माणूस म्हणून चांगला आहे, त्याने चहा पाजला आणि गोळा हातात दिला. दोरा गुंडाळून परीघ मोजला, ३२ सेंटिमीटर. म्हणजे व्यास साधारण १०.२. बॅगा मोजायच्या लटकत्या काट्याला पिशवी अडकवून वजन केलं, ३.९ किलो. आता दहावीतलं सूत्र काढा: गोलाचं घनफळ ५५४ घनसेंटिमीटरच्या आसपास येतं, आणि वजनाला त्याने भागलं की घनता येते सातच्या जरा वर. बिडाची घनता सव्वासातच्या आसपास असते, पोलादाची पावणेआठच्या वर. गंजाने आणि अ‍ॅसिडने थोडं खाल्लं असणार. म्हणजे गोळा भरीव बिडाचा, ओतीव. इथवर कोणी वाद घालू शकणार नाही.

मजा पुढे आहे. इंग्रजी तोफा गोळ्याच्या पौंडातल्या वजनाने ओळखल्या जायच्या. त्यातल्या नऊ पौंडी तोफेचा गोळा म्हणजे ४.०८ किलो, व्यास साधारण चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या जरा वर. हुबेहूब जुळतं. आता दुसरीकडे बघा. महिलांच्या गोळाफेकीचा नियमाप्रमाणे गोळा ४ किलोचा, व्यास ९.५ ते ११ सेंटिमीटर. हेही हुबेहूब जुळतं. आणि सिमेंटच्या किंवा खनिजाच्या कारखान्यात दगड दळायला गिरणीत जे लोखंडी गोळे टाकतात, तेही साधारण याच मापात मिळू शकतात. जगभर अशा दळणाच्या गोळ्यांना लोक तोफगोळे समजून कपाटात ठेवतात. तालमीतलं जुनं वजन हीसुद्धा शक्यता आहेच. आपल्या पेठांत तालमी काय कमी होत्या?

म्हणजे हातातली वस्तू, माप, वजन, धातू, सगळं तपासूनही उत्तर मिळत नाही. आणि समजा तो तोफगोळाच आहे. तरी 'शिवकालीन' कुठून आला? शिवाजी महाराज गेले १६८० साली. खडकीची लढाई झाली ५ नोव्हेंबर १८१७ला. मधल्या १३७ वर्षांत याच शहरात पेशवाई नांदली, फौजा आल्या-गेल्या, तोफा ओढल्या गेल्या. माप नऊ पौंडी असेल तर गोळा इंग्रजांचा असण्याची शक्यता जास्त. ज्याच्यावर आपण हार घालतोय तो पेशवाई बुडवायला आलेला गोळा असू शकतो. हे मी कमेंटमध्ये लिहिलं नाही. मला नोकरी आहे.

रील बघून आत्याचा फोन आला. ती आता अडुसष्ट वर्षांची आहे, कोथरूडला असते.

"अरे, तो परसदारातून निघाला का?"

"तिकडूनच कुठून तरी. का गं?"

"माझा गोळा हरवला होता तिथे."

ती शाळेत असताना, १९७३च्या पावसाळ्यात, आंतरशालेय स्पर्धेसाठी शाळेचा गोळा घरी आणून परसदारात सराव करायची. आजीला ते अजिबात पसंत नव्हतं. मुलीने पाय फाकवून, हुंकार देऊन लोखंड फेकायचं आणि ते मागच्या गॅलरीत उभ्या सगळ्या बिऱ्हाडांनी बघायचं! एका संध्याकाळी गोळा पडक्या भिंतीपाशी चिखलात रुतला, अंधार झाला, रात्री पाऊस आला आणि सकाळी भिंतीचा उरलेला भाग त्यावर बसला. कोणी उकरून दिला नाही. आजोबांनी शाळेला दंड भरला, आणि आत्याची गोळाफेक तिथे संपली.

"त्याच्यावर पांढऱ्या रंगात शाळेचं अक्षर होतं रे," ती म्हणाली. "बघ ना दिसतंय का."

मी बघितलं होतं. काळाकुळकुळीत, चकचकीत ऑइलपेंट.

मी असं म्हणत नाही की तो आत्याचाच आहे. मातीत पन्नास वर्षं राहिल्यावर रंगाचा एखादा पापुद्रा गंजाखाली उरला असता का? उरला असता, नसताही. पण तो बघण्याची एकमेव संधी एका बाटलीभर अ‍ॅसिडने संपवली, आणि ते करताना कोणाच्या मनातही आलं नाही की आपण काही पुसतोय. सगळ्यांना वाटलं, आपण साफ करतोय.

अजून एक पुरावा होता आणि तो रंगापेक्षा पक्का होता. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमच्या वाड्यातही पाणी शिरलं होतं. घरातला गाळ लोकांनी उपसला, पण परसदारातला कोण उपसतो? तो तिथेच पसरून बसला. मी पहिल्या दिवशी सहज म्हणून खड्ड्याच्या भिंतीचा फोटो काढला होता. त्यात वर विटांचा चुरा आणि माती दिसते, मग हातभर जाडीची, बारीक गाळाची राखाडी पट्टी, आणि त्याखाली काळी माती. ही पट्टी पुराचीच, असं मला जवळपास खात्रीने वाटतं.

आता विचार करा. गोळा त्या पट्टीच्या वर सापडला असेल, तर तो १९६१ नंतर मातीत गेला. मग आत्याचा दावा भक्कम. पट्टीच्या खाली सापडला असेल, तर आत्या बाद, तोफगोळा मैदानात. ना लॅब लागली असती, ना तज्ज्ञ. वर की खाली, एवढं सांगणारा एक माणूस लागला असता.

मी पोकलेनच्या ऑपरेटरला गाठलं. सोलापूरकडचा, माझ्याच वयाचा पोरगा. विचारलं, गोळा कुठल्या थरात होता, त्या राखाडी पट्टीच्या वर की खाली?

तो म्हणाला, "साहेब, बकेटमध्ये आला."

त्याचं काही चुकलं नाही. त्याला खड्डा खणायचे पैसे मिळतात, बघायचे नाहीत. बघायचे पैसे कोणालाच मिळत नाहीत, हाच प्रश्न आहे. माती त्याच रात्री डंपरने शहराबाहेर गेली. आपल्या भाषेत बोलायचं तर कोणीतरी गिटची अख्खी हिस्टरी उडवली, शेवटची एक फाइल ठेवली, ती रीनेम केली आणि म्हणतंय, हाच प्रोजेक्ट.

आता ते 'कार्बन डेटिंग करा'. लोखंडाचं कार्बन डेटिंग तत्त्वतः होतं. लोणारी कोळशावर धातू वितळवला असेल तर त्या झाडाचा कार्बन लोखंडात शिरलेला असतो, आणि तो मोजता येतो. दगडी कोळसा वापरला असेल तर मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वीचा मेलेला कार्बन मिसळतो आणि गोळा आहे त्यापेक्षा हजारो वर्षं जुना निघतो. आणि सगळं जुळून आलं तरी साधारण १६५० ते १९५० हा काळ या पद्धतीसाठी कुप्रसिद्ध आहे. वातावरणातल्या कार्बनच्या चढउतारांमुळे त्या पट्ट्यात एकाच मापाला अनेक तारखा लागू पडतात. म्हणजे १६८० आणि १८१७ यांच्यात निवाडा करायला आपण नेमकं असं हत्यार मागतोय, जे तिथेच बोथट आहे. 'कार्बन डेटिंग करा' हे आपल्याकडे 'सीबीआय चौकशी करा'सारखं झालंय. होणार नाही हे माहीत असतं, म्हणून मागायला सोपं.

गोळ्याचं सोडा. मला जास्त दुःख खिळ्यांचं आहे, कारण खिळे बोलतात. वायर ओढून केलेला, गोल दांड्याचा, सगळीकडे सारखा जाड खिळा हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त झालेला माल. त्याआधीचा यंत्राने पत्र्यातून कापलेला खिळा दोनच बाजूंनी निमुळता होतो. लोहाराने ऐरणीवर ठोकलेला चारही बाजूंनी निमुळता असतो आणि त्याच्या डोक्यावर हातोड्याच्या पैलू पडलेल्या खुणा दिसतात. स्क्रूचंही तसंच. टोकदार स्क्रू १८४६च्या सुमाराला अमेरिकेत पेटंट झाले आणि मग पसरले, त्याआधीचे टोकाला बोथट. गर्डरवर तर अक्षरंच असतात. आमच्या तुकड्यावर इंग्रजीत अर्धं नाव दिसत होतं, शेवटचा शब्द 'लाँग'. डोर्मन लाँग ही इंग्लंडमधल्या मिडल्सबरोची कंपनी, आपल्याकडच्या कितीतरी जुन्या इमारतींत तिचे गर्डर आहेत. 'टिस्को' दिसलं असतं तर तो १९१२च्या आधीचा असूच शकत नव्हता, कारण जमशेदपूरला पोलाद निघायला लागलं तेच तेव्हा. म्हणजे आमच्या वाड्याच्या मालकाने इंग्रज अमदानीत कधीतरी लाकडी तुळई काढून विलायती गर्डर घातला होता. का घातला? वाळवी? आग? की भाडेकरू वाढवायला वरचा मजला चढवला? हा आमच्या घराचा इतिहास होता. तो गॅस कटरने कापून किलोवर गेला.

इथे एक सावधगिरी, नाहीतर मीही त्या कमेंटवाल्यांसारखाच होईन. हाताने ठोकलेला म्हणजे जुना, असं नसतं. रस्त्याकडेला पाल टाकून बसलेले घिसाडी आजही भाता फुंकून विळे, कुऱ्हाडी, पहारी ठोकतात. विलायतेतल्या खिळ्यांचं वेळापत्रक शनिवार पेठेतल्या लोहाराला कोणी कळवलं नव्हतं. शिवाय लोखंड कोणी फेकत नसे. जुन्या वाड्याचे खिळे सरळ करून नव्यात वापरायचे, तुटकी धाव वितळवून कोयता करायचा. म्हणून नुसता खिळा बघून साल सांगणारा माणूस भेटला तर नमस्कार करून पुढे जा. खिळा कुठल्या लाकडात होता, कुठल्या भिंतीपाशी, त्याच्यासोबत काय होतं, हे कळलं तर मात्र तो काहीतरी सांगतो.

आणि त्यातलं निम्मं सांगणं गंजात असतं. हे मला माहीत नव्हतं, कळलं तेव्हा बराच वेळ डोक्यातून जाईना. लोखंड मातीत गंजतं तेव्हा त्याला चिकटलेलं लाकूड, कापड, चामडं कुजायच्या आत गंज त्याच्यात शिरतो आणि त्याचा ठसा धरून ठेवतो. लाकूड जातं, पण त्याच्या रेषा गंजात राहतात. खिळ्यावर रेषांची दिशा जिथे बदलते, तिथे एक फळी संपून दुसरी सुरू झालेली असते. म्हणजे फळीची जाडी कळते. मूळ वस्तूचा खरा पृष्ठभागही बऱ्याचदा गंजाच्या आतच दडलेला असतो. म्हणून उत्खननातलं लोखंड जाणकार लोक घासत नाहीत, आधी त्याचा एक्स-रे काढतात. आपण अ‍ॅसिडमध्ये टाकतो. मग उरलेला गाभा ओल्या हवेत पुन्हा घाम गाळायला लागतो, पापुद्रे सुटतात, आणि दोन पावसाळ्यांत आपण म्हणतो, जुनं लोखंड टिकत नाही बुवा.

माझ्या धंद्याबद्दलही बोललं पाहिजे. गोळ्याचा फोटो मी फोनमधल्या एका ओळखणाऱ्या अ‍ॅपला दिला. त्याने क्षणात सांगितलं, सतराव्या शतकातला तोफगोळा. मी त्याला आमच्या सोसायटीच्या जिममधल्या जुन्या डंबेलच्या टोकाचा जवळून फोटो दिला. तोही तोफगोळा निघाला. आश्चर्य नाही. असली मॉडेल्स ज्या फोटोंवर शिकतात, त्यांच्याखालची नावं बहुतेक वेळा वस्तू विकणाऱ्यांनी लिहिलेली असतात. विकणारा 'दळणाचा गोळा' लिहील का? मी स्वतः अशा सिस्टिम्सच्या आसपास काम करतो, म्हणून सांगतो: फोटोत खोली नसते, थर नसतो, शेजारची वीट नसते. जे फोटोत आलंच नाही ते मॉडेल कुठून आणणार? ते आणत नाही, रचतं. रीलवाल्याने जे केलं तेच, फक्त ढोल न वाजवता.

आता माझ्या विरुद्ध बाजूचे दोन मुद्दे. एक लेचापेचा आहे, एक दमदार.

लेचापेचा असा की, अरे, निदान लोकांना इतिहासाची आवड तर लागते. नाही लागत. शिक्का मारलेल्या वस्तूची आवड लागते. ज्या मातीत महाराजांचा काळ खरोखर दडलेला असेल, तीच माती आपण डंपरने पाठवतो आणि उरलेल्या गोळ्याला हार घालतो. याने महाराजांचा मान वाढतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा शांत डोक्याने विचार करावा: प्रत्येक गंजकी वस्तू शिवकालीन असेल, तर उद्या खरंच शिवकालीन काही निघालं तर ते वेगळं कसं ओळखणार? आणि मधली साडेतीनशे वर्षं इथे कोणी राहत नव्हतं का? खिळे ठोकणारा लोहार, गाडीला धाव चढवणारा, दाराला कोयंडा लावून आत बसलेली बाई, १९७३ साली गोळा फेकणारी पोरगी. 'शाळकरी मुलीचा हरवलेला गोळा' असं रील केलं असतं तर किती लाइक आले असते? पण मला विचाराल तर आमच्या वाड्याच्या जमिनीतून निघालेली ती सगळ्यात भारी गोष्ट असती.

दमदार मुद्दा दुसरा आहे. काम थांबेल. हे मी हसण्यावारी नेऊ शकत नाही, कारण त्या वाड्यातली बारा बिऱ्हाडं आज भाड्याच्या घरांत आहेत. बिल्डरकडून येणारं भाडं कधी वेळेवर, कधी नाही. आमच्या शेजारचे काका पंच्याऐंशीचे आहेत, त्यांना फ्लॅटची चावी बघायची आहे. कायदा काय सांगतो? १८७८चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. दहा रुपये! चार किलो बीड भंगारातही दहा रुपयांच्या पुढे जातं. १९७२चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षं जुनी वस्तू धरतो. (गंमत म्हणजे, ठेव शंभर वर्षांच्या आतली असेल आणि लपवणारा दावा करायला आला, तर १८७८च्या कायद्यात त्याचंही ऐकून घ्यायची सोय आहे. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, लपवला नव्हता, रुतला होता.) आता सांगा, गोळा निघाल्यावर कोण अर्ज लिहील? मी लिहिला नाही. मी कमेंट लिहिली. खरं सांगायचं तर, अर्ज केला आणि काम सहा महिने अडकलं तर काकांना तोंड कसं दाखवू, हा विचार माझ्या मनात आला आणि मी गप्प बसलो. सुपरवायझरने गोळ्याला रंग मारला, मी गप्प राहिलो. दोघांनी मिळून तो संपवला.

पण हा पेच खोटा आहे, हे आता कळतंय. एकीकडे काम थांबवा, दुसरीकडे सगळं भंगारात घाला, एवढे दोनच पर्याय आपल्यासमोर आहेत, म्हणून प्रत्येक जण दुसरा निवडतो आणि लपवतो. २०१९ साली स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात जुनं भुयार लागलं, त्याची बातमी झाली, कारण काम सार्वजनिक होतं आणि भुयार लपवता येत नाही. पेठेतल्या खाजगी प्लॉटवर बारा फुटी पत्रे लागतात आणि आत काय निघालं ते कोणाला कळत नाही. मला तिथे उत्खनन नको होतं. दोन तास हवे होते. बांधकाम परवानगीच्या ढीगभर अटींत एक अट हवी होती की जुन्या गावठाणात पाया खणताना खड्ड्याच्या चारही भिंतींचे फोटो काढा, आणि धातूची वस्तू निघाली तर ती किती फुटांवर निघाली एवढं लिहून ठेवा. काम थांबणार नाही आणि वस्तू जप्त होणार नाही, हेही त्याच अटीत लिहा. इंग्लंड-वेल्समध्ये १९९७पासून अशी नोंदयोजना आहे. शेतात, बागेत काही सापडलं तर माणूस ते घेऊन जातो, नोंदवणारा ठिकाण विचारून नोंद करतो, आणि बहुतेक वस्तू मालकाला परत मिळतात. पंधरा लाखांहून जास्त वस्तू अशा नोंदल्या गेल्या आहेत. त्यांची लोकं आपल्यापेक्षा इतिहासावर जास्त प्रेम करतात म्हणून नव्हे. नोंदवलं तर आपलं नुकसान होणार नाही, एवढी खात्री त्यांना कोणीतरी दिली म्हणून.

आणि थर, जागा, शेजार यांनी काय होतं ते बघायला इंग्लंडला जायची गरज नाही. नागपूरजवळ नायकुंडला अडीच हजार वर्षांहून जुनी लोखंड वितळवायची भट्टी उत्खननात सापडली. महुरझरीच्या दगडी वर्तुळांत घोड्यांसोबत पुरलेलं सामान मिळालं, त्यात लोखंडी लगामकड्याही होत्या. भंगारवाल्याच्या टेम्पोत त्या कड्या आणि आमच्या वाड्याची कडी यांत कोणी फरक केला नसता. विदर्भातल्या त्या माणसांबद्दल आपल्याला आज काही माहीत आहे, कारण कोणीतरी कड्या उचलायच्या आधी त्या कशाशेजारी पडल्या आहेत ते बघितलं, मोजलं आणि लिहिलं.

तुमच्या गल्लीत एखादं जुनं घर पडत असेल तर, खरंच, एवढंच करा. पत्र्याच्या फटीतून का होईना, खड्ड्याच्या भिंतीचा फोटो काढा, शेजारी चप्पल ठेवा म्हणजे माप कळेल. निघालेली वस्तू धुऊ नका. वर्तमानपत्रात गुंडाळा आणि त्यावर तारीख, कोपरा, खोली लिहा. नाव द्यायची घाई करू नका, नाव पुढच्या माणसालाही देता येईल.

आमचा खड्डा आता राहिला नाही, राफ्ट भरून झालंय. गोळा साइट ऑफिसात काचेच्या पेटीत आहे, खाली पितळी पाटी आहे. गेल्या रविवारी आत्याला घेऊन गेलो होतो. वॉचमनने पेटी उघडून दिली नाही. तिने काचेवर हात ठेवून बघितलं, मग उजवा हात मानेपाशी नेऊन, कोपर उचलून, गोळा कसा धरायचा ते त्याला दाखवलं. तो हसला.

भंगाराच्या टेम्पोतून मी तीन खिळे काढून घेतले होते. ते न धुता तीन कागदी पिशव्यांत ठेवलेत, वर स्केचपेनने लिहिलंय: परसदार, पूर्वेचा कोपरा, खोली माहीत नाही. त्यातल्या एकाच्या गंजात लाकडाच्या रेषा दिसतात, आणि डोक्यापासून साधारण दीड इंचावर त्या दिशा बदलतात.